फ्लँजर घेताना: चौकशीपासून पहिल्या कार्यक्रमापर्यंत

इलेक्ट्रिक गिटारसाठी फ्लँजर (आवाजाला फिरत्या लाटेसारखा रंग देणारा, पायाने चालू-बंद करायचा डबीएवढा इफेक्ट, म्हणजे पेडल) घ्यावा का, घेतला तर कोणता, आणि घरी आणल्यावर त्याचं करायचं काय, या प्रश्नांत माझा जून ते नोव्हेंबर २०२३ एवढा काळ गेला. ओव्हरड्राइव्ह (आवाज किंचित फाडणारा) किंवा डिले (प्रतिध्वनी देणारा) या इफेक्टबद्दल विचारलं तर सल्ला द्यायला पुष्कळ जण असतात. फ्लँजरचं नाव काढलं की "ते विमान गेल्यासारखं वाजतं, तेच ना?" यापुढे बोलणं सरकत नाही. म्हणून जे घडलं ते त्याच क्रमाने लिहून ठेवतो आहे. कुणी याच वाटेवर असेल तर थोडी धावपळ वाचेल.

पुण्यात आम्ही चौघं मिळून वाजवतो, बहुतेक आमचीच गाणी. त्यातल्या एका गाण्यात मध्ये गाणारी थांबते आणि गिटार एकटीच सुट्या स्वरांवर चालते. तिथला आवाज कोरडा वाटायचा. माझ्याकडच्या मल्टिइफेक्टमध्ये (अनेक इफेक्ट एकत्र असलेल्या डिजिटल यंत्रात) फ्लँजर होता, पण तो लावला की स्वर पातळ व्हायचा आणि मागे एक किणकिण उरायची. आमच्यात बेस वाजवणारा दादा सगळ्यांत अनुभवी. त्याने एकदा नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "इफेक्ट बरोबर आहे, पण तो तुझ्या हातात नाहीये. मेनूत शिरून हा शिकता येत नाही. नॉबवालं वेगळं पेडल बघ."

पहिला विचार बाहेरून मागवण्याचा आला. मावसभाऊ जर्मनीत आहे, तो म्हणाला, भेट म्हणून पाठवतो, म्हणजे कर लागणार नाही. हा समज अजूनही बऱ्याच घरांत आहे. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंना असलेली सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. मग हिशेब मांडला. वैयक्तिक वापराची वस्तू म्हणून पार्सल धरलं गेलं, तर तेव्हाच्या दराने ३५ टक्के मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर १० टक्के अधिभार, आणि या सगळ्या बेरजेवर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. एकूण ७७.२८ टक्के. म्हणजे वस्तू आणि पाठवणावळ मिळून दहा हजार झाले, तर वर ७,७२८ रुपये. हो, पाठवणावळसुद्धा करपात्र किमतीत धरतात, हे बरेच जण विसरतात. कुरिअरने आलं तर आधार वगैरे देऊन केवायसी करावी लागते आणि सोडवणुकीचा आकार वेगळा. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, तेव्हा तुम्ही बघाल त्या दिवशीचे ताजे बघा. मला पैशांपेक्षाही दुसरी गोष्ट खटकली. पेडल बिघडलेलं निघालं तर ते परत पाठवायचे कागद मीच करायचे होते. शिवाय बाहेरून सोबत येणारा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टवर चालेलच असं नाही. जर्मनीतली वीज २३० व्होल्टचीच आहे, पण अमेरिकेतून मागवणाऱ्यांनी हे आधी तपासायलाच हवं. भावाला नको म्हणून कळवलं आणि मोकळं वाटलं.

आता देशातली दुकानं. पुण्यात फोन केले तेव्हा सगळीकडे साधारण एकच उत्तर: फ्लँजर ऑर्डरवर येतो, आधी पैसे भरा. दुकानदारांचंही खरं आहे. महिन्याला डझनभर डिस्टॉर्शन (आवाज जोरात फाडणारी पेडल्स) खपत असतील तर वर्षाला एखादा जाणारा फ्लँजर ते कशाला मांडून ठेवतील? पण न ऐकता घ्यायची माझी तयारी नव्हती. फ्लँजर हा एकच इफेक्ट असा आहे की ज्याच्या दोन पेडलांतला फरक व्हिडिओवरून कळत नाही, निदान मला तरी नाही कळला. फोनच्या छोट्या स्पीकरवर सगळे सारखेच सळसळतात.

या काळात यादी तीन नावांवर आली. एमएक्सआरचा एम-११७आर, बॉसचा बीएफ-३, आणि मूअरचा ई-लेडी. एमएक्सआरच्या फ्लँजरवर रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांची छाप आहे, आणि मला तो आवाज फार आवडतो. पण त्याला १८ व्होल्ट लागतात. माझ्याकडचं सगळं ९ व्होल्टचं. एकाच बोर्डवर १८ आणि ९ च्या सारख्याच दिसणाऱ्या पिना ठेवायच्या, आणि कार्यक्रमाच्या आधी अंधारात घाईने जोडायच्या, ही धास्ती मला नको होती. १८ व्होल्टची पिन ९ च्या पेडलमध्ये गेली तर ते पेडल जळू शकतं. म्हणून एमएक्सआर बाजूला ठेवला. मन जड झालं हे खरं.

जुलैच्या सुरुवातीला मुंबईत धोबी तलावच्या एका दुकानातून फोनवर कळलं की बीएफ-३ आणि ई-लेडी दोन्ही ऐकायला मिळतील. शनिवारी सकाळची ७:१५ ची डेक्कन क्वीन पकडली. पाऊस असल्याने गिटार जाड गिगबॅगमध्ये, वर प्लॅस्टिक. साडेदहाच्या सुमाराला सीएसएमटी, तिथून चालत दहा-पंधरा मिनिटं. स्वतःची गिटार न्यायचा त्रास घ्याच. दुकानातल्या गिटारवर पेडल ऐकलं तर आवाजातला कुठला भाग गिटारचा आणि कुठला पेडलचा हे सांगता येत नाही. जायच्या आधी फोन करून तिसऱ्या प्रहरी येऊ नका, सकाळी या, असं त्यांनीच सांगितलं होतं, कारण दुपारनंतर गर्दी होते. सकाळी काउंटरवरच्या काकांनी कोपऱ्यातला अँप दिला, क्लीन (न फाटलेल्या, स्वच्छ आवाजाचा) चॅनेल लावून दिला आणि आपल्या कामाला लागले. परक्या माणसांसमोर वाजवायचं दडपण येतंच. त्यावर मी घरूनच तोडगा काढला होता: एकच ओळ, तीच ती, दोन्ही पेडलांवर. नवीन काही वाजवायचं नाही, कुणाला काही दाखवायचं नाही. फोनवर दोन्ही रेकॉर्ड करून घ्यायचं.

बीएफ-३ भरगच्च पेडल आहे. गिटारसाठी वेगळं आणि बेससाठी वेगळं इनपुट, स्टिरिओ आउटपुट, आणि चार मोड, त्यातलाच एक पाय दाबून ठेवला तेवढाच वेळ इफेक्ट देणारा मोमेंटरी. गाण्याच्या तालाशी झोका, म्हणजे इफेक्टचं वर-खाली फिरणं, जुळवता येतो. ज्यांना कार्यक्रमात अचूकपणा हवा त्यांनी हाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. ई-लेडी त्याच्या मानाने काडेपेटीएवढी. तीन नॉब: कलर, रेंज आणि झोक्याचा वेग ठरवणारा रेट. आणि एक छोटा टॉगल स्विच. पण तिच्या आवाजात स्वरांमागे जे पाणी हललं, ते मला बीएफ-३ मध्ये सापडलं नाही. दोन्ही बराच वेळ ऐकली. काका मध्येच येऊन म्हणाले, "रेट अगदी खाली आणा, मग ऐका." तेवढ्या एका वाक्याने निर्णय झाला. रेट तळाला नेला तेव्हा बदल इतका हळू होत होता की इफेक्ट चालू आहे हे विसरायला व्हावं, आणि तरी प्रत्येक स्वर आधीच्यापेक्षा वेगळ्या रंगाचा येत होता.

दुकानात होता तो नमुन्याचा नग. बंद खोक्यातला मागवून पुण्याला पाठवतो म्हणाले. किंमत जीएसटी धरून पावणेसात हजारांच्या आसपास, अर्धे पैसे आगाऊ. पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: पेडलचं पूर्ण नाव, पैसे परत मिळण्याची अट, आणि वॉरंटी कोण देणार, दुकान की आयातदार. तिसरी गोष्ट विचारल्यावर कळलं की वॉरंटीसाठी मूळ जीएसटी बिल लागतं, फोटो चालत नाही. थर्मल कागदावरची अक्षरं कालांतराने पुसट होतात म्हणून मी त्यांच्याकडून ए-४ वर छापील बिल मागून घेतलं. संध्याकाळच्या ५:१० च्या डेक्कन क्वीनने परत. येताना दोन्ही रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकत होतो आणि निर्णय बदलला नाही, याचं समाधान वाटलं.

आठवड्यात येईल म्हटलेलं पार्सल ऑगस्ट उजाडला तरी आलं नव्हतं. आधी आयातदाराकडे माल नव्हता, मग पावसामुळे वाहतूक अडली. या मधल्या दिवसांत चिडचिड होते. मी दर सोमवारी एक फोन करायचा असं ठरवून टाकलं, रोज नाही. आल्यावर खोकं उघडताना सलग व्हिडिओ घेतला, त्यात सिरियल नंबर दिसेल असा. बिलावरचा नंबर आणि पेडलखालचा नंबर जुळतो का हे त्याच वेळी पाहिलं.

या पेडलमध्ये बॅटरीची जागा नाही, अडॅप्टर लागतोच: ९ व्होल्ट डीसी, पिनच्या मध्यावर ऋण. आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या साध्या अडॅप्टरांत मध्यावर धन असलेलेही भरपूर असतात, दिसायला अगदी सारखे. त्यावर छापलेलं चिन्ह बघा, आणि मल्टिमीटर असेल तर एकदा मोजूनच घ्या. माझा अडॅप्टर बरोबर होता. एकाच अडॅप्टरवरून फुटणाऱ्या साखळी-वायरीने मी मल्टिइफेक्ट आणि बाकीची पेडल्स चालवत होतो, त्यातलंच एक टोक फ्लँजरला दिलं. आणि बारीक, उंच पट्टीतली शिट्टी सुरू झाली. गिटारचा आवाज बंद केला तरी शिट्टी चालूच.

पेडल सदोष आलं की काय, या शंकेने पोटात गोळा आला. दादाला फोन केला. तो म्हणाला, "फ्लँजर एकटा वेगळ्या अडॅप्टरवर लाव. शिट्टी गेली तर पेडल चांगलं आहे." गेली. डिजिटल आणि ॲनालॉग यंत्रं एकाच वीजपुरवठ्यावर असली की डिजिटलमधली खरखर दुसऱ्यात उतरते, आणि फ्लँजरसारखं स्वतःच्या पोटात घड्याळ (ठरावीक वेगाने ठोके देणारं सर्किट) असलेलं पेडल त्याला लवकर बळी पडतं. उपाय म्हणजे प्रत्येक आउटपुट वेगळं असलेला, आयसोलेटेड पॉवर सप्लाय. चार हजार दोनशे रुपये गेले. पेडलच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक, आणि हा खर्च पेडल घेताना कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगतो: बजेट ठरवताना हा आकडा आधीच धरा.

आता मुख्य गोष्ट. फ्लँजर घरी आला की सगळे आधी तो जोरात फिरवतात, ते विमान ऐकतात, आणि महिन्याभरात पेडल कपाटात जातं. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी तो थांबवून ऐका.

ई-लेडीवरचा तो टॉगल फिल्टरवर केला की आतला झोका थांबतो. रेट नॉब काही करत नाही. रेंज हाताने फिरवाल तिथे आवाज अडकून राहतो. ही सोय १९७६ च्या इलेक्ट्रिक मिस्ट्रेस या पेडलवरून आली आहे. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचं हे पेडल पिंक फ्लॉइडचे डेव्हिड गिल्मर आणि द पोलिसचे अँडी समर्स या दोन्ही गिटारवादकांनी वापरलं. समर्स यांचा त्या पेडलवरचा आवाज बरेच जण कोरस (एका गिटारच्या दोन वाटायला लावणारा इफेक्ट) समजतात, पण तो मंद फिरणारा फ्लँजर आहे.

थांबलेल्या आवाजात काय घडतं ते हळूहळू उलगडत गेलं. पेडल सिग्नलची एक प्रत काढतं, ती कणभर उशिरा मूळ सिग्नलमध्ये मिसळतं. उशीर एक मिलिसेकंदाचा असेल तर ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा अंतरा-अंतरावर दोन लहरी एकमेकींना खोडतात आणि तिथे आवाजात खड्डे पडतात. मधल्या १०००, २००० वर उलट आवाज वाढतो. उशीर पाच मिलिसेकंदांवर नेला की खड्डे १००, ३००, ५०० असे खाली आणि दाट येतात. गिटारची मोकळी पाचवी तार ११० हर्ट्झची आहे, म्हणजे खड्डा थेट तिच्या पायथ्याशी. हे आकडे मी वाचले होते, पण रेंज नॉब मिलिमीटरभर सरकवत एकच तार छेडत बसलो तेव्हा ते कानाला कळले. एका जागी तार पोकळ होते, जरा पुढे तीच भरून येते. कलर वाढवला की बाहेर आलेला आवाज पुन्हा आत जातो आणि प्रत्येक उंचवटा टोकदार होतो; स्वराला धातूचा कस येतो. फ्लँजर म्हणजे हे खड्डे वर-खाली हलवणं. फेजर या जवळच्या इफेक्टमध्येही खड्डे असतात, पण मोजके आणि असमान अंतरावर. कोरसमध्ये उशीर बराच जास्त असतो आणि तिथे कानाला दुसरा वादक ऐकू येतो.

पूर्वी हे टेपवर व्हायचं. एकच ध्वनिमुद्रण दोन यंत्रांवर एकदम चालवायचं आणि एका रिळाच्या कडेवर बोट टेकवून ते किंचित मंद करायचं. पायाखालच्या डबीत हे मावलं ते १९६९ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर यांनी काढलेल्या बकेट ब्रिगेड जोडणीमुळे. आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून बादली पुढच्याच्या हातात देतात, तसा सिग्नल एका कपॅसिटरमधून पुढच्यात ओतला जातो. हजारभर कपॅसिटर, आणि ओतण्याचा वेग ठरवणारं घड्याळ. घड्याळ जलद केलं की उशीर कमी, मंद केलं की जास्त. १०२४ टप्प्यांची चिप आणि १०० किलोहर्ट्झचं घड्याळ असेल तर उशीर ५.१२ मिलिसेकंद येतो. हे समजल्यावर ती शिट्टी कुठून आली असेल हेही नीट कळलं.

सप्टेंबरमध्ये जागा ठरवण्याचं काम. डिस्टॉर्शनच्या आधी फ्लँजर लावला तर झोका दबून जातो, फेजरसारखा मऊ लागतो. डिस्टॉर्शननंतर लावला तर विमान उडतं, कारण डिस्टॉर्शनने स्वरात भरपूर वरचे अंश तयार केलेले असतात आणि खड्ड्यांना खोडायला खाद्य मिळतं. क्लीन आवाजावर फ्लँजर कमी ऐकू येतो याचं कारणही तेच. ज्यांचं डिस्टॉर्शन अँपमधूनच येतं त्यांनी तो अँपच्या इफेक्ट्स लूपमध्ये (अँपच्या डिस्टॉर्शननंतर पेडल जोडायच्या जागी) लावून बघावा. आमच्या गाण्यासाठी मी हलक्या ओव्हरड्राइव्हनंतर, डिलेच्या आधी अशी जागा ठरवली. नवीन जोड-केबल्सना नऊशे रुपये लागले. आखूड, चपट्या टोकांच्या घ्या, छोट्या पेडलांच्या बाजूला जागा फार कमी असते.

कोथरूडच्या जॅमरूममध्ये ड्रम्ससह वाजवलं तेव्हा घरी जमवलेलं सगळं पुन्हा बदलावं लागलं. झांजा आणि फ्लँजर आवाजाच्या एकाच वरच्या भागात भांडतात. घरी सुंदर वाटणारा कलर तिथे कर्कश झाला, तो खूप खाली आणला. दादाची तक्रार वेगळी होती: झोका तळाला आला की गिटारचा खालचा भाग गायब होतो आणि बेस एकटा पडतो. रेंज कमी केली तेव्हा ते सुटलं. मग तालाचा प्रश्न. गाणं मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत आहे, चार-चार मात्रांचे चार बार म्हणजे ९.६ सेकंद. तेवढ्यात एक पूर्ण झोका व्हावा असा रेट स्टॉपवॉच लावून जमवला आणि नॉबवर पांढऱ्या पेनने खूण केली. तरी एक अडचण उरलीच. या पेडलचा झोका आतमध्ये सतत चालू असतो; तुम्ही पाय द्याल तेव्हा तो वर असेल की खाली, सांगता येत नाही. बीएफ-३ इथे खरंच उपयोगी ठरला असता. आम्ही त्यावर सांगीतिक मार्ग काढला. ती ओळ नेहमी त्याच स्वराने सुरू व्हावी हा हट्ट सोडला. झोका जिथे असेल तिथून मी सुरू करतो आणि पहिला बार थोडा मोकळा ठेवतो. यामुळे ती जागा दर वेळी वेगळी लागते, आणि आता आम्हाला ती तशीच आवडते.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी एका कॉलेजच्या सभागृहात वाजवलं. साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवा की या गाण्यात गिटारचा आवाज हलेल. नाहीतर काहीतरी बिघडलंय असं वाटून तो मिक्सरवर हात घालतो. साउंडचेकला आमच्याकडे फक्त दहा मिनिटं होती, त्यातली दोन मी यासाठी घेतली. गाण्यात ती जागा आली तेव्हा झोका वर चढत होता. गाणारीने माझ्याकडे वळून बघितलं आणि ठरलेल्यापेक्षा एक आवर्तन उशिरा आली.

सगळा खर्च मिळून, प्रवास धरून, साडेबारा हजारांच्या आत. नॉबच्या जागा ज्यांना हव्या असतील त्यांच्यासाठी, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे: क्लीन सुट्या स्वरांना कलर ९ वर, रेंज १२ वर, रेट अगदी तळाला. डिस्टॉर्शनवरच्या रिफला कलर २ वर, रेंज ३ वर, रेट ८ वर. फिल्टर मोडवर रेंज ११ आणि कलर १ ठेवून मधल्या तारांवर तळव्याने दाबून वाजवा. आमच्या नव्या गाण्याची सुरुवात सध्या तिथूनच होते आहे.